नाव ठेवताना

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ ह्या दोन क्रियांत मराठीने अवघ्या एका मात्रेचे अंतर राखले आहे. पहिली क्रिया आयुष्यात एकदा, पाळण्यापाशी होते. दुसरी त्याच दिवशी जेवणाच्या पंक्तीत सुरू होते आणि जन्मभर चालते. ह्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आमच्या जयनगरातील घरी ह्या दोन्ही क्रियांचा अनुभव नुकताच येऊन गेला होता. म्हणून तोच विषय घेतला आहे. आमची पदवी बी. ए.ची, तीही इतिहास विषयातील; पुढील आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. तेव्हा विद्वत्तेचा दावा नाही, हे वाचकांनी प्रारंभीच लक्षात घ्यावे.

प्रसंग असा. आमची कन्या म्हैसूरच्या एका कानडी कुटुंबात दिली आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ह्या रिवाजाप्रमाणे ती जयनगरास आली आणि आम्हांस नात झाली. तिसऱ्या दिवसापासून पुण्याचे दूरध्वनी सुरू झाले: परमुलखात आहात, निदान नाव तरी अस्सल मराठी ठेवा. व्याह्यांकडील मंडळी स्वभावाने अबोल. परंतु नाव कानडी जिभेस परके वाटू नये, अशी त्यांची इच्छा आम्हांस कळत होती. ‘अस्सल मराठी नाव’ म्हणजे काय, हे आम्ही त्या बारा दिवसांत ग्रंथांतून शोधू लागलो. जे हाती लागले, ते पुण्याच्या नातेवाइकांस फारसे रुचणारे नव्हते.

नाव विचारपूर्वक ठेवावे हा आग्रह आधुनिक आहे, असे कोणी समजू नये. पारस्कर गृह्यसूत्रात जन्मानंतर दहाव्या दिवशी पित्याने नाव ठेवावे असे सांगून त्याचे नियमही दिले आहेत. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याचा आरंभ घोष वर्णाने व्हावा, मध्ये य-र-ल-व ह्यांपैकी वर्ण असावा. मुलीचे नाव मात्र विषम अक्षरांचे व आकारान्त असावे. पतंजलीने तर महाभाष्याच्या आरंभी, व्याकरण कशासाठी शिकावे हे सांगताना, मुलाचे नाव नीट ठेवता यावे हेही एक प्रयोजन म्हणून मांडले आहे. त्याने उद्धृत केलेल्या याज्ञिकांच्या वचनात ते नाव मागील तीन पिढ्यांशी नाते सांगणारे असावे, आणि शत्रूंच्या ठायी रूढ असलेले नसावे, अशी अट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी लोकांस शेजारच्या घरातील नावांची चिंता होती, हे वाचून आम्हांस मोठा दिलासा वाटला.

महाराष्ट्रात नावाच्या मागे बापाचे नाव लावण्याची रीत आपण अनादि मानतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत मात्र वेगळी साक्ष मिळते. सातवाहनांचा सर्वांत पराक्रमी राजा स्वतःस गौतमीपुत्र सातकर्णी म्हणवितो. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. ही आयांची गोत्रनामे आहेत. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. त्यात ती स्वतःस महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणविते. पुढे ही चाल लोपली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली निर्णय केला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदांत आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावे. त्यावर बऱ्याच जणांनी नाके मुरडली; पण ज्या मुलखात गौतमीपुत्राचे राज्य होते, तेथे ह्यात नवे ते काय?

आपल्या कर्नाटकातही ह्याचे एक गोड उदाहरण आहे. धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, जन्म १८९६, घरची भाषा मराठी. ते कानडीचे महाकवी झाले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला. त्यांनी कवितेसाठी नाव घेतले ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. मराठी घरात जन्मलेल्या ह्या माणसाने कानडी कवितेवर आपल्या आईच्या नावाची मुद्रा उमटविली. पुण्याच्या दूरध्वनीस आम्ही हे सांगितले, तेव्हा पलीकडून विषय बदलण्यात आला.

मराठीत विचारपूर्वक ठेवलेल्या नावांचा कळस आमच्या मते आपेगावच्या कुलकर्ण्यांच्या घरात झाला. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार मांडला, म्हणून समाजाने त्या कुटुंबास वाळीत टाकले. त्या काळात झालेल्या चार मुलांची नावे निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. ओळीने वाचली तर ती अध्यात्मातील एका चढणीच्या पायऱ्याच होतात. ज्या आईबापांस गावात घर नव्हते, मुलांच्या मुंजी होतील की नाही हे ठाऊक नव्हते, त्यांनी मुलांस देण्याजोगी एकच वस्तू होती, ती त्यांनी पारखून दिली. ह्या नावांकडे आम्ही लहानपणापासून पाहत होतो; पण वाळीत पडलेल्या घरात ती ठेवली गेली, ह्याचा विचार साठीजवळ आल्यावर प्रथमच मनात आला.

आता बंगळुराकडे वळू. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केम्पेगौडाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. आपल्या मंडळाच्या शिवजयंतीच्या व्याख्यानांत हे दरवर्षी सांगितले जाते. शहाजी ह्या नावाची कथा मात्र क्वचितच. परंपरा अशी, की मालोजीराजे भोसल्यांनी संततीसाठी अहमदनगरच्या शाह शरीफ ह्या पिरास नवस केला. नवसास फळ येऊन दोन पुत्र झाले. एकाचे नाव शहाजी, दुसऱ्याचे शरीफजी. शरीफजी १६२४ च्या भातवडीच्या लढाईत पडले. पण नाव पडले नाही. शहाजीराजांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजी हे प्रथम बंगळुरास होते. मल्लेश्वरमला ज्यावरून नाव मिळाले, त्या काडू मल्लेश्वराच्या देवळास त्यांनी १६६९ साली गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. १६७५ च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले. त्यांच्या मुलांपैकी एक शहाजी, दुसरा सरफोजी. आजोबांचे नाव एकास, चुलत आजोबांचे दुसऱ्यास. शरीफजीचेच हे सरफोजी, असे अभ्यासक मानतात. संस्कृत पंडितांनी त्याचे शरभोजी केले. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांच्यामुळे जगास ठाऊक झाले, ते दुसरे सरफोजी ह्याच नावाचे. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, तो त्यांच्याच कारकीर्दीतला, १८०३ सालचा. नगरच्या पिराचे नाव असे बंगळुरावरून तमिळ देशी गेले आणि शिवमंदिरात जाऊन बसले. त्या वाटेवर कोणास ते परके वाटले नाही.

धाकटे पुत्र शिवनेरीवर जन्मले, तेव्हा गडाच्या शिवाई देवीवरून त्यांचे नाव शिवाजी ठेवले, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. त्यांचे थोरले बंधू संभाजी वडिलांपाशी ह्याच कर्नाटकात वाढले आणि कनकगिरीच्या लढाईत कामी आले. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या छत्रपती संभाजीराजांस ह्याच काकांचे नाव मिळाले, असे सांगतात. म्हणजे ज्या नावाने महाराष्ट्राचा ऊर भरून येतो, ते नाव आधी बंगळुराच्या वाड्यात हाकारले जात होते.

येथे एक हलकी गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ह्याच शहरात १२ डिसेंबर १९५० रोजी एका मराठी कुटुंबात मुलगा जन्मला. छत्रपतींवरून त्याचे नाव शिवाजी ठेवले. शिवाजीराव गायकवाड पुढे बंगळुराच्या बसगाडीत वाहक झाले आणि मग मद्रासला गेले. तेथे १९७५ साली के. बालचंदर ह्यांनी त्यांचे नाव बदलून रजनीकांत केले, कारण तमिळ पडद्यावर एक शिवाजी आधीच होते. ते शिवाजी गणेशन मूळचे नुसते गणेशन. अण्णादुराईंच्या नाटकात छत्रपतींची भूमिका केल्यावर पेरियारांनी त्यांस ‘शिवाजी’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. मराठी घरातील शिवाजीस आपले नाव सोडावे लागले, ते तमिळ घरातील शिवाजीमुळे! नावावर कोणाचा सातबारा नसतो, हेच खरे.

पेशवाईत नावांचा संकोच झाला. आजोबांचे नाव नातवास द्यायचे, त्यामुळे एकाच घराण्यात तीच ती नावे. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. पदरी कारभारी बाळाजी जनार्दन. शिवाय सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही. मग तेच नाव मुलास ठेवल्यावर त्या माउलीने आपल्या लेकरास हाक कशी मारावी? म्हणून पाळण्यातील नाव एक आणि हाकेचे दुसरे. पहिल्या बाजीरावांचे पाळण्यातील नाव विसाजी होते. एक बाळाजी नानासाहेब झाले, दुसरे नाना फडणीस. लोकमान्यांचेही पाळण्यातील नाव केशव. जगाने ओळखले ते बाळ म्हणून. घरोघरचे भाऊ, दादा, अण्णा, अप्पा, अक्का असेच निघाले. आणि ह्यांतील अण्णा, अप्पा आणि अक्का कोठले? कानडीत अण्ण म्हणजे थोरला भाऊ, अप्प म्हणजे बाप, अक्क म्हणजे थोरली बहीण. आपल्या ‘ताई’चेही नाते कानडी ‘तायि’शी, म्हणजे आईशी जोडले जाते. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा मराठ्यांचा सेनापती कानडी हाकेने ओळखला जात होता. आमच्या पुण्याच्या ज्या काकांनी ‘अस्सल मराठी’चा आग्रह धरला, त्यांस सारे घर अण्णा म्हणते. हे त्यांस सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. छापून येईल तेव्हा वाचतील.

नावांच्या इतिहासाची एक बाजू मात्र हसण्यासारखी नाही. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे मुले जगत नसत त्या काळची. दृष्ट लागू नये, मृत्यूने ‘हे काय न्यायचे’ म्हणून सोडून द्यावे, ही त्यामागची भाबडी युक्ती. (धोंडो केशव कर्व्यांचे ‘धोंडो’ वेगळे आणि दादासाहेब फाळक्यांचे ‘धुंडिराज’ वेगळे, दुसरे गणपतीचे नाव आहे. पुष्कळ जण घोटाळा करतात.) परंतु सारीच ओबडधोबड नावे मायेपोटी आलेली नाहीत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे आणि शूद्राचे जुगुप्सित, असे मनुस्मृती स्पष्ट सांगते. तो नियम किती घरांनी सोसला, ह्याची मोजदाद नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली, आणि त्यानंतर ज्या घरांतून सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे निघाली, त्यांनी एका पिढीत त्या वचनास जे उत्तर दिले, ते शेकडो व्याख्यानांनी दिले गेले नसते.

मुलींच्या वाट्यास आणखी एक नाव आले: नकुशा, म्हणजे नको असलेली. मुलगा हवा असताना मुलगीच झाली, की हे नाव. ही जुनी गोष्ट नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८५ मुलींस नवी नावे देण्यात आली. नावे त्यांनी स्वतः निवडली. वर्गात हजेरी घेताना दररोज ‘तू नको होतीस’ असे ऐकून ‘हजर’ म्हणणाऱ्या त्या मुलींची कल्पना करवत नाही.

ज्या मुलींस बरे नाव मिळे, त्यांचेही ते लग्नापर्यंतच. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहायचे आणि जुने माहेरी ठेवून यायचे. मनकर्णिका तांबे झाशीस जाऊन लक्ष्मीबाई झाल्या. मनकर्णिका गोखले टिळकांच्या घरी येऊन लक्ष्मीबाई झाल्या आणि त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. एक यमुना गोपाळराव जोश्यांची पत्नी झाली, ती डॉक्टर आनंदीबाई. दुसरी यमुना न्यायमूर्ती रानड्यांची, ती रमाबाई. गोदूबाई १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. जग त्यांस बाया कर्वे म्हणते. पुरुषांची नावेही बदलत. गोपाळराव गायकवाडांचे दत्तक जाऊन सयाजीराव झाले, यशवंतराव घाटग्यांचे शाहू. पण त्यांस नावाबरोबर सिंहासन मिळाले. ह्या बायकांस बहुधा चूल मिळाली. कीर्ती त्यांनी आपल्या बळावर मिळविली.

हे सारे वाचताना आम्हांस आमच्या मातोश्रींची आठवण झाली नसती तरच नवल. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि आमच्यापाशीच असतात. त्यांचे नाव सुमती, हे आमच्या प्रत्येक कागदावर आईच्या रकान्यात लिहिलेले. परंतु त्यांच्या ट्रंकेत सांगलीच्या शाळेचा सोडल्याचा दाखला आहे. त्यावर नाव आहे कृष्णा. घर नदीच्या काठी होते. १९६२ साली लग्न झाले आणि आमच्या आजीने, म्हणजे त्यांच्या सासूबाईंनी, तांदळात ‘सुमती’ लिहविले; कारण घरात एक चुलत दीर कृष्णाजी नावाचे होते आणि ते नाव सुनांनी घ्यायचे नव्हते. एवढेच कारण.

मग आम्हांस एक सुंदर कल्पना सुचली. नातीचे नाव कृष्णाच ठेवावे. पणजीचे हरवलेले नाव पणतीस मिळेल. कानडी जिभेसही अडचण नाही. पतंजलीची तीन पिढ्यांची अटही पूर्ण होते. कन्या राजी झाली, जावई राजी झाले. एक अडचण त्यांनीच काढली, की इकडे कृष्णा म्हटले की लोक मुलगा समजतात, शाळेच्या अर्जात घोटाळे होतील; पण तीही गिळण्याची त्यांची तयारी होती. आम्ही मोठ्या प्रसन्नतेने मातोश्रींपुढे ही गोष्ट मांडली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “तिला कशाला? ते माझं आहे. द्यायचंच असेल तर मला द्या की परत.”

खोलीत कोणी बोलेना. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे इतरांच्या अर्जांवर शेरे मारले. हा अर्ज आमच्या घरात त्रेसष्ट वर्षे पडून होता आणि आम्हांस दिसला नव्हता. आम्ही तो वारसा समजून पुढच्या पिढीस वाटून टाकायला निघालो होतो. मालकीण समोर बसली होती.

नातीच्या नावाचा प्रश्न मग विहीणबाईंनी सोडविला. बोलता बोलता आम्ही ज्ञानेश्वरांच्या भावंडांविषयी सांगत होतो. ‘मुक्ता’ हे नाव ऐकताच त्या म्हणाल्या, आमच्याकडे मुक्तायक्का आहे. बाराव्या शतकातील ही शरण कवयित्री. भाऊ अजगण्ण हाच तिचा गुरू, आणि तो गेल्यावर तिने केलेल्या शोकाची वचने कानडीत प्रसिद्ध आहेत. पुढे शंभर वर्षांनी इकडे मुक्ताबाई; तिचाही गुरू भाऊच, थोरला निवृत्ती, आणि रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवास तिने समजाविल्याची कथा घराघरांत. दोन भाषांत दोन बहिणी, एकच नाव, आणि आजवर कोणी कोणाकडून उसने घेतल्याची तक्रार नाही. नाव तेथेच ठरले. गृह्यसूत्राप्रमाणे मुलीचे नाव विषम अक्षरांचे हवे आणि मुक्ता दोन अक्षरांचे आहे, हे आमच्या लक्षात आले होते. पण घरात सारे तिला मुक्ताई म्हणतात, म्हणजे तीन होतात. सूत्रकारांचे निम्मे समाधान तरी व्हावे.

नव्या पालकांसाठी व्यवहाराची एक गोष्ट. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते; नाव मात्र नंतर, बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येते. तेव्हा घाईने नाव लिहू नये. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांस शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखला हाच पुरावा धरला जातो, म्हणून अक्षरन्‌अक्षर तपासावे. वडिलांचे नाव आद्याक्षर होऊन पुढे येणार, की मागे पूर्ण लिहिले जाणार, आडनाव लावायचे की नाही, हे त्याच दिवशी दोन्ही घरांनी बसून ठरवावे. आमच्या कन्येच्या वेळी एका कचेरीने आमच्या नावास तिचे आडनाव करून टाकले होते. ते निस्तरण्यास दोन वर्षे लागली, आणि आम्ही स्वतः सरकारी नोकर.

बारसे बाराव्या दिवशी झाले. गोविंद-गोपाळांची देवाणघेवाण झाली, वरवंट्यास कुंची घालून पाळण्याखालून फिरविले. आत्याबाई म्हैसूरच्या, त्यांनी कानात ‘कुर्र’ करून नाव सांगितले आणि पाठीत धपाटेही खाल्ले. घुगऱ्यांबरोबर पायसही होते. सारे आटोपल्यावर विहीणबाई मातोश्रींपाशी गेल्या, वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, “कृष्णज्जी, आशीर्वाद माडि.” कानडीत अज्जी म्हणजे आजी.

तेव्हापासून व्याह्यांकडील लहानथोर सारे त्यांस कृष्णज्जी म्हणतात. आमच्या घरीही तेच रुळले आहे. त्या हाकेस मातोश्री आतल्या खोलीतूनही तत्काळ ओ देतात. पेन्शनीचा हयातीचा दाखला घेण्यासाठी बँकेचा मनुष्य दाराशी येऊन ‘सुमतीबाई’ म्हणतो, तेव्हा मात्र त्यास दोनदा हाक मारावी लागते.